तीस पावलं आधी

माझा धंदा चष्म्याचा. गावातल्या निम्म्या लोकांना काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे त्यांच्या घरच्यांपेक्षा मला जास्त ठाऊक असतं. आणि मीच एका छापील अर्जावर, खाली सही ठोकून, लिहून दिलं की मला दिसलं नाही. दिसलं होतं. लख्ख दिसलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझ्याविषयी उगाच कणव यायला नको.

माझा साडू दातांचा डॉक्टर. सासरे होते तेव्हा म्हणायचे, थोरल्या जावयानं माझे डोळे सांभाळावेत, धाकट्यानं दात, मधलं सगळं देवाच्या हवाली. साडू माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. पोट नाही, केस आहेत, आणि स्वभावानं इतका चांगला की त्याच्यावर धड रागावताही येत नाही. मला दादा म्हणतो. सायकलचं वेड मात्र आधी मला लागलं, एवढी नोंद असू द्या.

आमच्या गावाबाहेरून पूर्वी रेल्वे जायची. ती बंद पडली, रूळ उचलून नेले, रुळांखालचे लाकडी स्लीपर कुणाकुणाच्या अंगणात बाकं झाले, आणि उरलेल्या पट्ट्यावर बारीक खडी पसरून, रोलर फिरवून चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी वाट केली. बावीस किलोमीटर. रेल्वेला चढ झेपत नाही, त्यामुळे वाटेलाही चढ असा नाही. एक बोगदा, एक पूल, दोन जुनी स्टेशनं. या वाटेसाठी मी खास सायकल घेतली. शर्यतीच्या सायकलसारखं वाकडं हँडल, पण टायर जाड, खडीवरून, मातीवरून, शेताच्या बांधावरूनसुद्धा जाणारे. दोन वर्षं मी तिथे एकटा राजा होतो. मग एका वाढदिवसाला मेहुणीनं साडूला तशीच सायकल घेऊन दिली, आणि माझं राज्य संपलं.

दर रविवारी सकाळी आम्ही दोघं निघायचो. मी पुढे, तो मागे. मागे म्हणजे किती? त्याचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकापासून वीतभर. पुढच्यानं वारा कापायचा, मागच्यानं त्याच्या आडोशाला आरामात पाय मारायचे. अठरा किलोमीटर तो असा माझ्या पाठीला चिकटून यायचा, आणि दुसऱ्या स्टेशनाचा फलाट दिसला की हळूच बाजूनं निघून पुढे जायचा. मी पोहोचेपर्यंत तो फलाटावरच्या बाकाला टेकून पाणी पीत असायचा. म्हणायचा, "दादा, आज जोरात होतात हं." तो शेवटचा 'हं' मला आठवडाभर पुरायचा.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, सगळं तिच्यावरच आहे. असा चिकटून चालवणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. त्याला दिसतं फक्त माझं चाक आणि माझं बूड. म्हणून पुढच्यानं हातानं सांगायचं असतं. खड्डा आला की ज्या बाजूला खड्डा त्या बाजूला हात खाली करून बोट दाखवायचं. खडी सुटी असेल तर पंजा खाली धरून हलवायचा. थांबायचं असेल तर पाठीमागे मूठ. आणि पुढचा सायकल उचलून कशावरून उडी मारणार असेल तर आधी मोठ्यानं ओरडायचं, "उडी!" कारण उडी मारणाऱ्याच्या मागे असलेल्याला काही कळायच्या आत तो त्या खड्ड्यात असतो. हे नियम मीच साडूला शिकवले होते, अगदी मास्तरकी करत. आणि अठरा किलोमीटर तो डोळे मिटल्यासारखा माझ्या भरवशावर यायचा.

उडी मी नुकतीच शिकलो होतो. चालत्या सायकलची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलायची, ही काही या वयात शिकायची विद्या नाही. दोन महिने मी दुकानामागच्या अंगणात झाडू आडवा टाकून त्यावरून उड्या मारत होतो. बायको दारात उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "त्यावरून उड्या मारण्यापेक्षा तो हातात घेतलात तर अंगण तरी झाडून होईल." साडूला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याला एकदा दाखवायचीच होती.

त्या वाटेचा रखवालदार म्हणजे चावीकाका. रेल्वे होती तेव्हा ते तिथेच चावीवाला होते. चावीवाला म्हणजे रुळांना स्लीपरवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या रोज तपासणारा माणूस. खांद्यावर हातोडा, हातात झेंड्या, बोगद्यापासून पुलापर्यंत सात किलोमीटर चालत जायचं आणि ढिली झालेली चावी दिसली की ठोकायची. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. रूळ गेले, चाव्या गेल्या, काका मात्र तिथेच राहिले. वाटेच्या ऑफिसनं त्यांना देखभालीवर ठेवून घेतलं. अजून वाटेला ते लाइनच म्हणायचे. आम्ही दिसलो की कडेला उभे राहून हात वर करायचे आणि ओरडायचे, "लाइन क्लिअर!" लहान मुलं असली की हिरवी झेंडीसुद्धा दाखवायचे. मी साडूला म्हणायचो, यांची गाडी अजून आलेली नाही वाटतं. आम्ही हसायचो.

त्या रविवारच्या आधी दोन दिवस पाऊस लागून होता. पुलाच्या अलीकडे एक मोरी आहे, तिथे पाण्यानं वाट आडवी कापून हातभर रुंदीचा चर पाडला होता. मला हे माहीत नव्हतं. मी पुढे होतो, साडू मागे, आणि मी काखेखालून मागे बघत होतो, तो अजून चिकटलेला आहे का ते. होता. वर बघितलं तर समोर वाटेच्या उजव्या कडेला काठीवर लाल झेंडी. झेंडी दिसली आणि माझ्या हँडलचं टोक तिला लागलं. काठी उडून पडल्याचं मला जाणवलं. मग पुढे चर दिसला.

झेंडी ते चर, तीस पावलं. त्या वेगाला अडीच सेकंद होतात, मी नंतर हिशेब केला आहे. डोळ्यांनी बघून हात हलायला एक सेकंदसुद्धा लागत नाही. माझ्या धंद्यात हे शाळेतच शिकवतात. म्हणजे हात खाली करायला वेळ होता. ओरडायला तर होताच. मी तोंड उघडलंच नाही. माझ्या मनात त्या अडीच सेकंदांत जे आलं ते असं होतं: आता बघ म्हणावं. तो दचकेल, ब्रेक मारेल, मागे पडेल, आणि आज फलाटावर पाणी मी पीत असेन. एवढंच. तो पडावा असं मी मनात आणलं नव्हतं, पण पडू शकतो हेही मनात आणलं नाही. मी सायकल उचलली आणि चरावरून गेलो. अंगणात इतकी सुरेख उडी मला एकदाही जमली नव्हती.

मग मागे आवाज झाला.

पुढे जेव्हा मी हे सगळं साडूला सांगितलं, तेव्हा त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "उडी मारताना मजा आली का, दादा?" मी म्हटलं, आली. "खरं बोललात," तो म्हणाला आणि उठून आत गेला. पण तो भाग नंतरचा.

साडूचं पुढचं चाक चरात रुतलं होतं आणि तो सायकलवरून फेकला जाऊन खांद्यावर आपटला होता. उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं. शुद्धीवर होता. चेहरा पांढराफटक, दात ओठांवर घट्ट, आणि मला म्हणतो कसा, "दादा, तुम्हाला लागलं नाही ना? तुम्ही कसे वाचलात?"

"नशीब," मी म्हटलं. "अगदी शेवटच्या क्षणी दिसलं."

फोनला तिथे रेंज नव्हती. मी फोन वर धरून मागे चालत गेलो, आणि रेंज आली ती नेमकी झेंडीपाशी. काठी वाटेच्या कडेला पडलेली, लाल फडकं खडीत माखलेलं. मी अँब्युलन्सला फोन केला, पत्ता नीट सांगितला, पुलाच्या बाजूनं या म्हणून सांगितलं. आणि हे सांगता सांगता बुटानं ती काठी गवतात ढकलली. करवंदीच्या जाळीत खोल गेली. काठीचं भोक राहिलं होतं, त्यावरही बुटानं खडी सारली. मी हे विचार करून केलं, असं म्हणणंही खोटं होईल आणि विचार न करता केलं, असं म्हणणंही. पाय आपोआप हलत होता आणि मी त्याला थांबवत नव्हतो.

अँब्युलन्सच्या आधी चावीकाका आले. हातगाडी ओढत, गाडीत खडी आणि वर फावडं. चर बुजवायलाच निघाले होते. साडूला बघून त्यांनी गाडी सोडून दिली, धावत आले, आपला कोट काढून त्याच्या डोक्याखाली दिला. मग उभे राहून मागे बघायला लागले.

"झेंडी कुठाय?" ते म्हणाले.

"कसली झेंडी?" मी म्हटलं.

"काल संध्याकाळी लावली होती मी. लाल. तीस पावलं आधी." ते चरापासून उलटे निघाले, तोंडानं पावलं मोजत. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. थांबले. खाली बघितलं. वाकून हातानं खडी चाचपली. मग आणखी पाच पावलं पुढे गेले, परत आले, पुन्हा खाली बघितलं. मी साडूपाशी बसून हे बघत होतो. साडू म्हणाला, "मला तर काही दिसलं नाही, काका. पण मी दादांच्या मागे होतो."

काका माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. हलवली म्हणजे, नाही अशी.

साडूचा हात सहा आठवडे गळ्यात अडकवलेला. दातांच्या डॉक्टरचा उजवा हात, म्हणजे दवाखाना बंद. त्यानं कुणाला दोष दिला नाही. मेहुणी मात्र चिडली, आणि चिडणारच. तिनं वाटेच्या ऑफिसात तक्रार केली की एवढा मोठा चर पडलेला असताना धोक्याची काही खूण नव्हती. ऑफिसातल्या बाई एक दिवस माझ्या दुकानात आल्या, प्रत्यक्षदर्शी म्हणून माझं म्हणणं लिहून घ्यायला. छापील अर्ज होता. प्रश्न: धोक्याची खूण दिसली का? पुढे तीन चौकोन. होय. नाही. सांगता येत नाही. तिसरा चौकोन माझ्यासारख्यांसाठीच केलेला असणार. मी तिकडे बघितलंसुद्धा नाही. 'नाही'वर खूण केली आणि खाली, कुणी विचारलेलं नसताना, स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'मी व्यवसायाने चष्मेतज्ज्ञ असून माझी दृष्टी उत्तम आहे.'

ते वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात. बाकी सगळ्याला भीती म्हणता येईल. या वाक्याला काय म्हणायचं?

काकांना ऑफिसनं सांगितलं, चौकशी पुरी होईपर्यंत लाइनवर येऊ नका. हे मला बायकोनं जेवताना सांगितलं. तिला काकांचं वाईट वाटत होतं. "वय झालं बिचाऱ्यांचं," ती म्हणाली. "मनात असतं करायचं, केलं असं वाटतं." मी म्हटलं, होतं असं. आणि आणखी वाढून घेतलं.

दहा दिवसांनी मी एकटाच सायकलवर तिथे गेलो. चर कुणीतरी कसाबसा बुजवला होता. मी जाळीत हात घातला, कोपरापर्यंत ओरबाडे काढून घेतले आणि झेंडी बाहेर ओढली. काठी तिथेच टाकली. फडकं घडी करून पाठीमागच्या खिशात घातलं. दुसऱ्या कुणाला सापडू नये म्हणून गेलो होतो की स्वतःच नेऊन देण्यासाठी, ते तेव्हाही ठरलेलं नव्हतं. दुकानात येऊन ते काचा पुसायच्या फडक्यांच्या ड्रॉवरमध्ये खाली ठेवलं. रोज दहादा तो ड्रॉवर उघडावा लागतो. वरचं फडकं घ्यायचं, ड्रॉवर बंद करायचा. पंधरा-वीस दिवस हे चाललं.

मग एका दुपारी चावीकाका दुकानात आले. अपघाताची ती सकाळ सोडली तर मी त्यांना कोटाशिवाय कधी पाहिलं नव्हतं. साधा सदरा, केस पाण्यानं बसवलेले. लाइनवर असताना हा माणूस उंच वाटायचा.

"डोळे तपासायचेत," ते म्हणाले.

"ऑफिसनं सांगितलं का?"

"ऑफिस कशाला सांगतंय. माझं मलाच बघायचंय."

मी त्यांना खुर्चीत बसवलं. एक डोळा झाकून समोरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला. त्यांनी वरून वाचायला सुरुवात केली ती थेट शेवटच्या ओळीपर्यंत, न अडखळता. शेवटची ओळ तिशीतली पोरंसुद्धा चुकतात. दुसरा डोळाही तसाच. जवळचं वाचायला नंबर होता, वयाप्रमाणे. बाजूचं दिसतंय का बघायला मी बोटं नाचवली, त्यांनी प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं. तपासताना तोंडाजवळ तोंड आणावं लागतं. ते श्वास रोखून बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे.

"ते ठिपक्यांचं पुस्तक आहे का तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं. "भरतीच्या वेळी आम्हाला दाखवायचे. लाल-हिरवं कळतं का बघायला."

होतं. मी ते काढलं. रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायचे असतात. त्यांनी एकेक पान वाचलं. बारा. आठ. एकोणतीस. चुकले नाहीत.

"म्हणजे लाल दिसतं मला."

"दिसतं, काका. तुमचे डोळे उत्तम आहेत. लांबचं माझ्यापेक्षा चांगलं आहे."

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्यांनी पुस्तक मिटलं आणि माझ्या टेबलावर सरळ रेषेत ठेवलं.

"मग ते डोळ्यांत नाही," ते म्हणाले. "डोक्यातच आहे."

"काय?"

"मला अजून आठवतंय हो. झेंडी रोवली, वरून दगडानं ठोकली, तीस पावलं मोजली. सगळं समोर दिसतंय. पण नव्हती ती तिथे. भोकसुद्धा नव्हतं. त्या डॉक्टरांनाही दिसली नाही, ते तर मागे होते म्हणा, पण तुम्ही पुढे होता. तुम्ही डोळ्यांचा माणूस. आणि तुमच्या घरचा माणूस पडलेला. तुम्ही कशाला खोटं सांगाल?" ते स्वतःशीच हसले. "म्हणजे मी नुसती मनात लावली. माझ्या सासूचं असंच सुरू झालं होतं. न केलेलं केलं म्हणायची. शेवटी शेवटी मुलीला ओळखेना."

मी ठिपक्यांचं पुस्तक उचलून कपाटात ठेवलं.

"आता आमची ही माझ्या मागे मागे फिरते. गॅस बंद केला का, नळ बंद केला का. मी केलेला असतो, तरी जाऊन बघते. आणि ती बघून आली की मलाही वाटतं, बरं झालं बघितलं. घराची चावी आता तिच्याकडेच असते." ते पुन्हा हसले. "तीस वर्षं चावीवाला, आणि घराची चावी बायकोकडे."

मागच्या दारातून माझी बायको ट्रेमध्ये चहाचे दोन कप घेऊन आली. काकांना बघून तिनं हसून विचारपूस केली, कप ठेवले आणि दाराशीच उभी राहिली, जशी एखादा माणूस आपल्याला आवडत असला की राहते. मला ती आत जायला हवी होती. मी वाट बघितली. ती गेली नाही. आणि मला कळलं की आता मी आणखी वाट बघितली तर काका चहा पिऊन उठतील, पैसे किती विचारतील, आणि आपलं डोकं फिरलंय ही खात्री घेऊन घरी जातील. माझ्या दुकानातून, माझ्या हातची.

मी ड्रॉवर उघडला. वरची फडकी बाजूला केली आणि झेंडी काढून त्यांच्यासमोर ठेवली.

ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी ती उचलली आणि कडा उलटी करून बघितली. लाल फडक्याला हिरव्या दोऱ्याची टीप होती. "लाल दोरा संपला होता तेव्हा," ते म्हणाले. "हा टाका आमच्या हिचा." मग वर बघून विचारलं, "कुठे होती?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. माझ्या हँडलनं पडली ते, जाळीत ढकलली ते, भोक बुजवलं ते, हात केला नाही आणि ओरडलो नाही ते, उडीचं, अर्जाचं, खाली लिहिलेल्या वाक्याचं. दाराशी बायको उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, पण तिच्या हातातला ट्रे खाली ठेवल्याचा आवाज आला. उद्या ऑफिसात जाऊन नवा अर्ज भरून देतो, साडूला आणि मेहुणीला आज संध्याकाळीच सांगतो, असंही म्हटलं. ते ओरडतील म्हणून मी तयार होतो. खरं तर मला ते हवंच होतं. एक माणूस तोंडावर शिव्या देऊन गेला असता तर मी त्या रात्री झोपलो असतो.

"म्हणजे लावली होती मी," काका म्हणाले.

"हो."

"तीस पावलांवर होती?"

"बरोबर तीस पावलांवर."

"लावली होती!" ते खुर्चीतून उठलेच. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि जोरजोरात हलवला. "फार उपकार झाले तुमचे. अहो, झोप नव्हती मला. बरं केलंत सांगितलंत. फार बरं केलंत." मी काय केलं होतं त्यातलं त्यांनी काही ऐकलं होतं की नाही, कोण जाणे. ते माझे आभार मानत होते, आणि हात सोडवून घ्यायची माझी हिंमत नव्हती.

मग त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "हिला सांगा. मी सांगितलं तर म्हणेल, तुमच्या मनात आलं असेल. तुम्ही सांगा."

पलीकडे एका बाईचा आवाज आला. "हॅलो? कुठे राहिलात? डोळे बघितले का?"

"काकू, मी चष्म्याच्या दुकानातून बोलतोय," मी म्हटलं. "काकांचं डोकं ठीक आहे. त्यांनी झेंडी लावली होती."

"लावली होती?"

"हो."

"तुम्हाला कसं माहीत? तुम्ही कोण?"

काका खुर्चीत बसून गुडघ्यावर झेंडी पसरून तिच्या सुरकुत्या हातानं सारख्या करत होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. भिंतीवर माझं सर्टिफिकेट फ्रेममध्ये लावलेलं आहे. बायको त्याच्याखाली उभी होती.

"मी पुढच्या सायकलवर होतो," मी म्हटलं. "मी बघितली होती."

"काय?"

"जरा मोठ्यानं बोला," काका मला खुणावत म्हणाले. "तिला कमी ऐकू येतं."

मग मी तेच सगळं पुन्हा, पहिल्यापासून, मोठ्यानं सांगितलं.